पडद्याची डावी कड

दुकानात गिऱ्हाईक आलं की मी पहिला प्रश्न विचारतो, "बसणार कुठं?" बहुतेक जण समोरच्या खुर्चीवर बसतात. मग मला खुलासा करावा लागतो की इथं नव्हे, घरी. टीव्ही भिंतीवर लागल्यावर बघणारा त्या भिंतीपासून किती फुटांवर बसणार, हे मी विचारतो आहे. सिरसाळ्यात ह्या प्रश्नाचं उत्तर फुटांत मिळत नाही. "मधे दोन खाटा राहतेत," असं मिळतं. खाटा लांबीनं धरायच्या की रुंदीनं, हे विचारायला गेलो की गिऱ्हाईक कंटाळतं आणि परळीला जाऊन टीव्ही घेतं. म्हणून मी मोजपट्टी खिशात घालून स्वतःच त्याच्या घरी जातो. घर मोजल्याशिवाय मोठा पडदा विकायचा नाही, हा माझा नियम. ह्या नियमानं माझं दुकान वाढलेलं नाही. पण विकलेला माल परत येण्याचं प्रमाण आमच्याकडे फार कमी आहे.

मी ह्या धंद्यात कसा आलो, कोणी शिकवलं, ते सांगत बसत नाही. ते सगळ्यांचं साधारण सारखंच असतं. त्यापेक्षा धंद्यातल्या दोन-चार गोष्टी सांगतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

पडद्याचं माप तिरपं असतं. पंचावन्न इंची टीव्ही म्हणजे एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत पंचावन्न इंच. आडवा तो अठ्ठेचाळीसच भरतो. घाटनांदूरचे एक बागायतदार टीव्ही नेल्यावर दुसऱ्या दिवशी जीप करून परत आले. त्यांनी घरी पट्टी लावली होती. "पंचावन म्हणला आन अठ्ठेचाळीस भरायला. सात इंच कुठं गेले?" मी त्यांना तिरपं मोजून दाखवलं. ते म्हणाले, "शेत काय आमी तिरपं मोजतो का?"

दुसरी गोष्ट ओएलईडीची. साध्या टीव्हीत पडद्याच्या मागे दिवे असतात आणि पडदा त्या उजेडाला कमी-जास्त झाकतो. त्यामुळे काळा रंग पूर्ण काळा होत नाही, बंद दाराच्या फटीतून उजेड यावा तसा थोडा राखाडी दिसतो. ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतःच पेटतो आणि स्वतःच विझतो. काळं म्हणजे विझलेलं. रात्रीचं दृश्य त्यात फार सुंदर दिसतं. ह्या सौंदर्याची एक अडचण आहे. एकाच जागी एकच चित्र दिवसेंदिवस ठेवलं, तर तिथले ठिपके इतरांच्या आधी म्हातारे होतात आणि त्या चित्राचा डाग पडद्यावर कायमचा राहतो.

आमच्या भागातल्या एका पुढाऱ्यांच्या बैठकीत मी असा टीव्ही लावला होता. ही अडचण सांगूनच लावला होता. बैठक म्हणजे सकाळपासून माणसांची ये-जा, आणि टीव्हीवर सतत एकच बातम्यांचं चॅनेल. काही महिन्यांनी बोलावणं आलं. चॅनेल बदललं तरी खालची लाल पट्टी जाईना. मालिकेतली सून रडत होती आणि तिच्या हनुवटीखाली फिक्कट लाल पट्टी होती. साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे एकच चित्र लई दिवस ठेवलं की ते कायमचं उमटतं?" मी म्हणालो, होय. ते म्हणाले, "मग माझा फोटो ठेवला तर?" ते चेष्टा करत आहेत की नाही, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. त्यांच्या कार्यकर्त्यांनाही कळलं नसावं, कारण कोणी हसलं नाही.

तिसरी गोष्ट पूजेची. नवा टीव्ही घरात आला की घरातली बाई हळदकुंकू घेऊन येते आणि ओल्या कुंकवाचं स्वस्तिक पडद्याच्या बरोबर मध्यावर काढते. नंतर ते धुण्याच्या पावडरीनं पुसलं जातं आणि त्याबरोबर पडद्यावरचा चमक कमी करणारा थरही पुसला जातो. मी आता टीव्ही खोक्यातून काढण्याआधीच सांगतो, "वहिनी, पूजा खोक्याची करा." एका आजींनी विचारलं, "देवाला चालतं का?" मी म्हणालो, टीव्हीला चालतं.

आता अंकुशची हकिकत. लिहायला बसलो ते तिच्यासाठीच.

अंकुश शाळेत माझ्या वर्गात होता. बरीच वर्षं त्यानं लांबच्या ट्रका चालवल्या, सुरत, हुबळी, नागपूर. पुढं घरी राहायचं म्हणून त्यानं जीप घेतली आणि आसपासच्या वस्त्यांवरची पोरं गोळा करून सिरसाळ्याच्या शाळेत आणायचं काम धरलं. सकाळी आणायची, संध्याकाळी सोडायची. पोरांची आईबापं त्याला चांगला ओळखतात. जीप वेळेवर येते आणि हळू येते, ही त्याची ख्याती.

त्याची मुलगी प्रतीक्षा पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. घरून काम करायची मुभा मिळाली तेव्हा ती आपला कॉम्प्युटर घेऊन गावी राहायला आली. तिला गेम खेळायचा नाद आहे, आणि त्या सामानात एक गाडीचं स्टेअरिंग आणि पायात ठेवायचे ब्रेक-ॲक्सिलेटर होते. ट्रक चालवायचा एक गेम असतो. त्यात माल भरायचा, एका गावाहून दुसऱ्या गावाला न्यायचा आणि खाली करायचा. मारामारी नाही, शर्यत नाही. प्रतीक्षानं एकदा गंमत म्हणून बापाला त्यासमोर बसवलं. तो उठलाच नाही.

"दिवसभर जीप हाकायची, घरी आलं की पुन्ना गाडीच हाकायची," सुमनवहिनी मला म्हणाल्या. सुमनवहिनी म्हणजे अंकुशची बायको. "आन ह्या गाडीला तर भाडं बी न्हाई."

"लंडनपस्तोर गेलतो काल," अंकुश म्हणाला. तो इंग्लंडमध्येच ट्रक चालवायचा, कारण तिथं आपल्यासारखं रस्त्याच्या डाव्या बाजूनं चालतात. "रस्ते लई भारी हायेत, विलास. पण चहाला थांबावं म्हणलं तर धाबाच न्हाई कुठं."

प्रतीक्षाच्या कॉम्प्युटरचा पडदा लहान होता. तिला बापासाठी मोठा घ्यायचा होता आणि पैसे ती देणार होती. तिघंही दुकानात आले आणि तिघंही बोलत होते.

प्रतीक्षाला अल्ट्रावाइड मॉनिटर हवा होता. हा पडदा उंचीला बेताचा आणि लांबीला खूप असतो, आणि दोन्ही कडा बसणाऱ्याकडे किंचित वळलेल्या असतात. चौतीस इंची घेतला तर आडवा साडेएकतीस इंच आणि उभा साडेतेरा. "काका, ट्रकच्या गेमला हाच पाहिजे. दोन्ही बाजूंचे आरसे मान न वळवता दिसतात." अंकुशलाही तोच आवडला होता. "ट्रकच्या काचेवानी हाय बघ. लांबट." सुमनवहिनींना टीव्ही हवा होता, आणि तोही ओएलईडी, कारण परळीला त्यांच्या बहिणीकडे आहे. "ह्या पट्टीवर मालिका कशी दिसंल?" त्यांनी विचारलं. मी खरं ते सांगितलं, दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतील आणि मधे मालिका दिसेल. "म्हंजी माझ्या वाट्याला मधलाच तुकडा," वहिनी म्हणाल्या.

मी मॉनिटरच्या बाजूचा होतो, हे इथं सांगितलं पाहिजे. माझी कारणं अशी. गेममध्ये खाली कोपऱ्यात नकाशा आणि वेगाचा काटा सतत एकाच जागी असतो. अंकुश ज्या हिशेबानं खेळत होता त्या हिशेबानं तो नकाशा ओएलईडीवर उमटण्याची भीती होती. शिवाय संध्याकाळी विहिरींवरच्या मोटारी चालू झाल्या की त्यांच्या गल्लीत व्होल्टेज एकशे सत्तरपर्यंत उतरतं, म्हणजे टीव्हीबरोबर स्टॅबिलायझर आलाच. आणि गेम खेळणारा पडद्यापासून हातभर अंतरावर टेबलाशी बसतो. तेवढ्या अंतरावर पंचावन्न इंची टीव्ही म्हणजे पोस्टरला नाक लावून बसणं. सुमनवहिनींना मी हे सगळं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "भाऊजी, तुमी बी गाडीवालेच निघाले."

नियमाप्रमाणे मी रविवारी दुपारी मोजायला गेलो. दुकानात दाखवायला एक अल्ट्रावाइड ठेवलेला होता, तोच बरोबर नेला. एवढी महाग वस्तू माणसानं घरी बसून बघितल्याशिवाय घेऊ नये. टेबलावर पडदा लावला, अंकुशला खुर्चीत बसवलं. कपाळापासून पडदा अठ्ठावीस इंचांवर आला. बरोबर होतं. प्रतीक्षानं गेम चालू केला, चित्र दोन्ही कडांपर्यंत पसरलं आणि मला मनातून समाधान वाटलं. उजव्या कडेला उजवा आरसा, डाव्या कडेला डावा.

अंकुशनं ट्रक काढला. तो गेममध्येही सीटबेल्ट लावल्याची खूण करून मग गाडी काढायचा. हायवेला लागला. थोडं पुढं गेल्यावर डाव्या बाजूनं एक छोटा रस्ता हायवेला मिळत होता आणि त्यावरून एक पांढरी कार येत होती. मला ती केव्हाची दिसत होती. वहिनी दारात उभ्या होत्या, त्यांनाही दिसत होती. अंकुश सरळ गेला आणि कार त्याच्या ट्रकखाली आली.

"ही कुठनं आली बे?"

"डावीकडून, पप्पा. इंडिकेटर देऊन आली."

"मला कावून न्हाई दिसली मग?"

पुन्हा सुरू केलं. ह्या वेळी गावातल्या चौकात डावीकडून आलेली व्हॅन. मग पुढं दुसरी कार. तिन्ही वेळा अंकुशनं ब्रेकला पायसुद्धा लावला नव्हता. ज्या माणसानं आयुष्यभर ट्रक चालवला त्याचा पाय ब्रेकवर आपोआप जातो. तो गेला नाही, म्हणजे त्यानं गाडी पाहिलीच नव्हती. पण हा विचार मला नंतर सुचला. त्या वेळी मी पडद्यावरच संशय घेतला, कारण माझा धंदा पडद्याचा आहे.

"पीस खराब हाय विलास हा," अंकुश म्हणाला. "डाव्या कडंला गाडी दाखवीतच न्हाई. एकदम मधे उगवती."

"पप्पा, दाखवतोय की. आम्हाला दिसतंय."

"तुमी बाजूला हुबा हायेत. हितं बसून बघ."

प्रतीक्षा बसली. तिला दिसत होतं. मी बसलो, मलाही दिसत होतं. पण गिऱ्हाईक एखाद्या गोष्टीची तक्रार करतं तेव्हा तक्रार खरी धरून चालायचं असतं. प्रतीक्षानं गेम बंद केला, पडदा पूर्ण काळा केला आणि माउसचा बाण मोठा आणि पांढरा करून अगदी डाव्या कडेला नेऊन ठेवला. मी पडद्याच्या मधोमध चिकटपट्टीचा एक तुकडा लावला. अंकुशला सांगितलं, "ह्या तुकड्याकडं बघ. डोळे हलवायचे नाहीत. पांढरा बाण दिसतो का?"

"कसला बाण?"

प्रतीक्षानं बाण हळूहळू मधे आणला. बराच आत आल्यावर अंकुश म्हणाला, "हां. आता आला." उजव्या कडेला नेला, तर तो तिथं लगेच दिसला.

"बघ," अंकुश म्हणाला. "डावी कड बाद हाय. म्हणलो न्हाई का?"

आमच्या धंद्यात दोष शोधायची एक साधी रीत आहे. ज्या वस्तूवर संशय आहे ती जागेवरून हलवायची. दोष तिच्याबरोबर गेला तर वस्तू खराब. दोष जुन्याच जागी राहिला तर वस्तू चांगली, आणि दुसरीकडे बघायचं. वायरला हेच, प्लगला हेच. मी मॉनिटर स्टँडवरून सोडवला, उशीवर टेकवून उलटा केला, म्हणजे खालची बाजू वर, आणि डावी कड उजवीकडे. त्याआधी प्रतीक्षानं बाण पुन्हा डाव्या कडेला नेऊन ठेवला होता. ती कड आता अंकुशच्या उजव्या हाताला होती.

"मधेच बघ. बाण दिसतो का?"

"दिसतो की. लख्ख."

"ही तीच कड आहे, अंकुश. आत्ता डावीकडे होती ती."

प्रतीक्षानं बाण दुसऱ्या कडेला नेला. ही मघाची उजवी, चांगली कड, आणि आता ती डावीकडे आली होती. मी विचारलं, "आता?"

"आता न्हाई दिसत," अंकुश म्हणाला. मग म्हणाला, "मधे आण जरा." प्रतीक्षानं आणला. आधी जिथं दिसायला लागला होता, साधारण तिथंच दिसायला लागला.

मी मॉनिटर सरळ करून स्टँडवर बसवला. आयुष्यात पहिल्यांदा एखादा पीस खराब निघाला असता तर बरं झालं असतं असं मला वाटलं.

"पीस चांगला आहे," मी म्हणालो. "डोळे दाखवून घे."

"काय झालं माझ्या डोळ्याला? लांबचं वाचतो मी. त्या कॅलिंडरवरची तिथी वाचून दावू?"

त्यानं वाचून दाखवली. बरोबर होती. सुमनवहिनी दारातूनच म्हणाल्या, "गोठ्याचा खांब."

"काय गोठ्याचा खांब?"

"जीप घासली ती. आन त्याच्या आधी शाळंच्या फाटकाला घासली ती. दोन्ही डाव्याच अंगाला."

"फाटक अरुंद हाय!"

"फाटक पहिल्यापसनं तेवढंच हाय," वहिनी म्हणाल्या.

अंकुश उठला. माझ्याकडे बोट करून म्हणाला, "तुला टीव्ही खपवायचा असंल तर सरळ सांग बे. सगळा मुलूख ट्रकनं तुडवलाय म्या. एक माणूस न्हाई चिरडला, एक कुत्रं न्हाई. आन तू मला उशीवर टीव्ही उलटा करून आंधळा ठरीवतो?"

मी काही ठरवलेलं नव्हतं. मी डॉक्टर नाही. पण उद्या सोमवार होता आणि सकाळी त्याच जीपमध्ये वस्तीवरची पोरं बसणार होती. ते बोलणं भाग होतं. ते माझ्या आधी प्रतीक्षा बोलली.

"पप्पा, उद्या गाडी काढू नका."

"आन पोरं कशी येतील? चाचणी परीक्षा हाय त्यांची."

"रज्जाककाका दोन फेऱ्या मारतील." रज्जाकभाई शाळेची दुसरी जीप चालवतात. तिनं तिथंच उभं राहून त्यांना फोन लावला. अंकुश जीपची चावी घ्यायला खुंटीकडे गेला. खुंटीवर चावी नव्हती. वहिनींनी ती केव्हा घेतली ते आम्हा कोणालाच दिसलं नव्हतं, आणि माझ्या आणि प्रतीक्षाच्या नजरेला तर काही झालेलं नव्हतं.

सोमवारी मी आणि अंकुश डोळे दाखवायला एसटीनं अंबाजोगाईला गेलो. प्रतीक्षा येणार होती, पण अंकुश म्हणाला, "ह्यानं उलटा केलता, ह्यालाच येऊ दे." मी दुकान बंद ठेवून गेलो. गाडीत तो ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसला आणि सबंध रस्ता ड्रायव्हरच्या चुका मला सांगत राहिला. त्या खऱ्या होत्या.

डोळ्यांच्या दवाखान्यात एक यंत्र असतं. त्यात हनुवटी टेकवून मधल्या ठिपक्याकडे बघायचं आणि आजूबाजूला कुठंही उजेड लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. अंकुशनं यंत्र बघितलं आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "हे तर तुझंच हाय." तपासणी संपली तेव्हा यंत्रातून कागद निघाला. त्यावर दोन गोल होते, एकेका डोळ्याचे. जिथं दिसत नाही तिथं काळं केलेलं होतं. डाव्या डोळ्याच्या गोलात काळं बरंच होतं. उजव्यात कमी, पण तेही डावीकडच्याच बाजूला, नाकाकडच्या.

डॉक्टर बाई होत्या आणि चांगल्या समजावून बोलल्या. काचबिंदू. दुखत नाही, लाल होत नाही, समोरचं स्पष्ट दिसत राहतं, म्हणून माणसाला कळत नाही. जिथं दिसत नाही तिथं अंधारही दिसत नाही, तिथं काही नसतंच. गेलेलं परत येणार नाही. थेंब रोज टाकले तर राहिलेलं राखता येईल. आणि गाडी चालवायची नाही, पोरांची तर अजिबात नाही.

"किती दिवस?" अंकुशनं विचारलं.

"आता नाहीच," त्या म्हणाल्या.

अंकुशनं मान डोलावली. पण परत येताना बसमध्ये तो म्हणाला, "थेंब चालू केले की फरक पडंल." मी म्हणालो, डॉक्टरांनी तसं सांगितलं नाही. तो म्हणाला, "त्यांना असंच सांगावं लागतं."

पुढचे काही दिवस मला दुकानात बसून बातम्या येत राहिल्या. अंकुश थेंब टाकतो. अंकुश गेम खेळत नाही. अंकुश रोज सकाळी जीप धुतो आणि वंगण करतो. दिवाळीची सुट्टी लागली तेव्हा त्यानं रज्जाकभाईंना सांगितलं, "सुट्टी संपली की माझी पोरं मी घेईन. मान जास्त वळवून बघायचं, एवढंच तर हाय." चावी अजून वहिनींकडे होती, पण जीप त्याची, पोरांच्या आईबापांचा विश्वासही त्याच्यावर, आणि चावी दुसरी करून मिळते. वहिनी दुकानात आल्या. "भाऊजी, तो टीव्ही आणा तेवढा. घरात गुंतून तरी राहतील." प्रतीक्षाचाही ह्याचसाठी फोन आला होता.

मी नव्यानं हिशेब केला. मॉनिटर हातभर अंतरावर असतो, त्यामुळे त्याच्या कडा नजरेच्या पार बाजूला जातात. अंकुशची नजर तिथपर्यंत पोचत नाही. तोच देखावा नऊ फुटांवर भिंतीवर लावला, तर आडवा अठ्ठेचाळीस इंच असूनही तो नजरेच्या मधल्या भागात मावतो. जवळच्या लहान पडद्यापेक्षा लांबचा मोठा पडदा नजरेत कमी जागा घेतो. मी कागदावर त्रिकोण काढून दोनदा ताळा केला. मॉनिटरचा बेत रद्द केला आणि ओएलईडी मागवला.

सुट्टी संपायच्या दोन दिवस आधी टीव्ही बसवला. भिंतीपासून खुर्ची नऊ फूट. वहिनींनी खोक्याची पूजा केली. प्रतीक्षानं गेममध्ये बाजूचं जास्त दिसेल असं सेटिंग केलं आणि माझ्या सांगण्यावरून कोपऱ्यातला नकाशा लपवून टाकला. अंकुशला बसायचं नव्हतं. "सोमवारपसनं मला टाइम न्हाई," तो म्हणाला. मी म्हणालो, मला चित्र तपासायचं आहे, चालवणारा लागतो. हे अर्धं खरं होतं.

तो बसला. सीटबेल्टची खूण करून ट्रक काढला. हायवे लागला. संध्याकाळचं दृश्य होतं, आभाळ खरोखर काळं होत चाललं होतं, आणि मी पडद्याच्या चारही कोपऱ्यांतला काळेपणा बघत होतो. डाव्या बाजूनं छोटा रस्ता आला. त्यावर एक कार दिवे लावून येत होती. अंकुशनं वेग कमी केला आणि तिला पुढं जाऊ दिलं. पुढच्या फाट्यावर दुसरी आली, मागोमाग तिसरी. मग एक सायकलवाला, अगदी कडेनं. अंकुशनं त्या प्रत्येकाला वाट दिली. तो पूर्वीसारखाच सफाईनं चालवत होता.

मग त्यानं इंडिकेटर दिला, ट्रक हळूहळू कडेला घेतला, उभा केला आणि इंजिन बंद केलं.

"प्रतीक्षा, ह्या गाड्या तू आज वाढवल्या का गं?"

"नाही पप्पा. पहिल्यापासून तेवढ्याच आहेत."

"तेवढ्याच?"

"हो."

त्यानं स्टेअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले. पडद्यावर त्याच्या उभ्या ट्रकच्या डाव्या अंगानं गवत हलत होतं, आणि डाव्या आरशात मागून एक माणूस चालत येताना दिसत होता.

"पोरं डावीकडनंच उतरतेत," अंकुश म्हणाला. "जीपचं दार त्याच अंगाला हाय. उतरतेत आन पळतेत."

वहिनी पूजेचं ताट हातात घेऊन तशाच उभ्या होत्या. अंकुशनं खिशातून फोन काढला आणि रज्जाकभाईंना लावला.

"रज्जाक, सोमवारी येऊन माझी जीप घेऊन जा. न्हाई, फेरीपुरती न्हाई. घेऊनच जा. आन ऐक, तांड्यावरचा तो धाकटा हाय ना, तो दार उघडायच्या आधीच उडी मारतो. गाडी पुरती हुबी करीस्तोर दाराला कडी घालत जा."

मी खुर्चीमागून उठलो, टीव्हीजवळ गेलो आणि भिंतीतले चारही स्क्रू पुन्हा एकदा आवळले. सैल एकही नव्हता.